आठवड्याची दोन टोकं
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं : डेटाबेसमधले आठवडे

या वेळी सगळ्यात जास्त प्रश्न आठवड्यांवर आले आहेत. महिन्याची आणि वर्षाची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) सहसा बिनचूक येते, आठवडा आला की आकडे हलायला लागतात. त्याचं कारण साधं आहे. ३६५ ला ७ ने भागलं की १ उरतो, लीप वर्षात २. हे उरलेले दिवस कुठल्या वर्षाच्या पदरात टाकायचे, याचं उत्तर प्रत्येक डेटाबेस आपापल्या पद्धतीने देतो. (छपाईच्या सोयीसाठी फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत.)

प्रश्न : साप्ताहिक विक्रीच्या अहवालात २०२४ चा पहिला आठवडा फुगलेला दिसतो आणि २०२५ चा पहिला आठवडा फारच बारीक. मूळ नोंदी तपासल्या, त्या बरोबर आहेत. ग्रुप बायमध्ये (ओळींचे गट पाडणाऱ्या भागात) वर्ष आणि आयएसओ आठवडा क्रमांक आहेत. चूक कुठे आहे?

उत्तर : चूक आठवड्यात नाही, वर्षात आहे. वर्ष काढायला तुम्ही साधं ईयर फंक्शन वापरलं आहे आणि आठवडा मात्र आयएसओ पद्धतीचा. हे दोघे एका कॅलेंडरचे नाहीत.

आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम असा : आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो, तो आठवडा क्रमांक १. गुरुवारच का, तर सोमवार ते रविवार या सात दिवसांत तो बरोबर मधला. गुरुवार ज्या वर्षात पडला, त्या वर्षात त्या आठवड्याचे किमान चार दिवस असतातच. यातून दोन पक्क्या खुणा मिळतात. ४ जानेवारी नेहमी पहिल्या आठवड्यात असते आणि २८ डिसेंबर नेहमी शेवटच्या आठवड्यात. या दोन तारखा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आता तुमचे आकडे बघू. ३० डिसेंबर २०२४ ला सोमवार होता. त्या आठवड्याचा गुरुवार २ जानेवारी २०२५ ला येतो, म्हणून तो आख्खा आठवडा २०२५ चा पहिला. पण ३० आणि ३१ डिसेंबरच्या नोंदींना तुमची क्वेरी 'वर्ष २०२४, आठवडा १' असं लेबल लावते. त्या नावाची ओळ आधीच तयार असते : १ ते ७ जानेवारी २०२४. म्हणजे त्या ओळीत सातऐवजी नऊ दिवसांची विक्री जमा झाली, आणि 'वर्ष २०२५, आठवडा १' मध्ये १ ते ५ जानेवारी एवढे पाचच दिवस उरले. एकूण बेरीज जुळते, त्यामुळे ताळा करूनही ही चूक सापडत नाही.

उलट दिशेनेही हेच होतं. १ जानेवारी २०२१ ला शुक्रवार होता आणि तो दिवस २०२० च्या ५३ व्या आठवड्यात मोडतो. साधं वर्ष लावलं की 'वर्ष २०२१, आठवडा ५३' अशी अस्तित्वातच नसलेली ओळ उभी राहते. तिच्यात तीन दिवसांची विक्री असते आणि क्रमाने लावल्यावर ती २०२१ च्या अगदी शेवटी जाऊन बसते.

उपाय डेटाबेसप्रमाणे बदलतो. पोस्टग्रेसमध्ये एक्स्ट्रॅक्टला 'ईयर' ऐवजी 'आयएसओईयर' द्या. टू_चारने लेबल बनवत असाल तर वर्षाचा साचाही 'आय' अक्षराने सुरू होणारा घ्या. आठवडा 'आय'चा आणि वर्ष साधं ही जोडी पोस्टग्रेस आणि ओरॅकल दोन्हीकडे चुकीची. मायएसक्यूएलमध्ये ईयरवीक(तारीख, ३) लिहा, ते वर्ष आणि आठवडा एकत्र, ३० डिसेंबर २०२४ साठी २०२५०१ असं देतं. तिथे डेट_फॉरमॅट वापरलंत तर पर्सेंटच्या पुढची एक्स आणि व्ही ही दोन्ही अक्षरं लहान हवीत. मोठी अक्षरं रविवारपासूनचा आठवडा धरतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटपार्टला 'आयएसओ_वीक' आहे, पण आयएसओ वर्ष देणारा भाग नाही. तिथे तारखेवरून त्या आठवड्याच्या गुरुवारवर जायचं आणि त्या गुरुवारचं साधं वर्ष घ्यायचं.

पण खरं सांगायचं तर क्रमांकावर ग्रुप करूच नका. त्या आठवड्याच्या सोमवारच्या तारखेवर ग्रुप करा. २०२४-१२-३० ही तारीख एकच आहे, ती दोन वर्षांत विभागली जात नाही, क्रमाने लावली की आपोआप बरोबर लागते, आणि तिच्यात ७ मिळवले की पुढचा आठवडा मिळतो. क्रमांक फक्त वाचणाऱ्यासाठी, शेवटी लेबल म्हणून लावायचा. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच धागा आहे.

प्रश्न : मग तारखेवरून सोमवार काढायचा कसा? आमच्याकडे तीन वेगवेगळे डेटाबेस आहेत.

उत्तर : पोस्टग्रेस : डेट_ट्रंक('वीक', तारीख). हे नेहमी सोमवारच देतं, कुठल्याही सेटिंगने बदलत नाही. एक बारकावा मात्र आहे. कॉलम डेट प्रकारचा असला तरी उत्तर टाइमझोनसह टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ एकत्र) म्हणून येतं. परत डेट प्रकारात बदला, म्हणजे कास्ट करा.

मायएसक्यूएल :
डेट_सब(तारीख, इंटरव्हल वीकडे(तारीख) डे)
वीकडे सोमवारला ० आणि रविवारला ६ देतं, म्हणून थेट वजा करता येतं. डेऑफवीक हे वेगळं फंक्शन आहे, त्यात रविवार १ आणि शनिवार ७. या दोघांची अदलाबदल झाली तर क्वेरी कुरकुर न करता चालते आणि चुकीचा दिवस देते.

एसक्यूएल सर्व्हर :
डेटॲड(डे, डेटडिफ(डे, ०, तारीख) / ७ * ७, ०)
इथे ० म्हणजे १ जानेवारी १९००, आणि तो सोमवार होता. त्या दिवसापासून किती दिवस झाले ते मोजायचं, ७ ने पूर्णांक भागाकार करून परत ७ ने गुणायचं. २०२२ च्या आवृत्तीपासून डेटट्रंकही आहे, त्याला 'आयएसओ_वीक' द्या.

ओरॅकलमध्ये ट्रंकला 'आयडब्ल्यू' द्यायचं. 'डब्ल्यूडब्ल्यू' दिलंत तर १ जानेवारीला जो वार होता त्या वारापासून आठवडा मोजला जातो. एसक्यूलाइटमध्ये डेट फंक्शनला आधी 'वीकडे ०' आणि मग 'उणे ६ डेज' असे दोन बदल लावा : तारीख पुढच्या रविवारवर जाते (आधीच रविवार असेल तर हलत नाही), तिथून सहा दिवस मागे सोमवार.

रविवारी सुरू होणारा आठवडा हवा असेल तर युक्ती एकच : तारीख एक दिवस पुढे ढकला, सोमवार काढा, उत्तर एक दिवस मागे आणा. शनिवारसाठी दोन दिवस पुढे, दोन दिवस मागे.

प्रश्न : एसक्यूएल सर्व्हरवर आम्ही वर्षानुवर्षं डेटॲड(वीक, डेटडिफ(वीक, ०, तारीख), ०) हेच वापरतो. फक्त रविवारच्या नोंदी पुढच्या आठवड्यात जातात. डेटफर्स्ट (आठवड्याचा पहिला वार ठरवणारी सेटिंग) १ करून पाहिलं, फरक पडला नाही.

उत्तर : पडणारही नाही. डेटडिफला 'वीक' दिलं की ते दोन तारखांमध्ये रविवारची सीमा किती वेळा ओलांडली तेवढंच मोजतं, आणि डेटफर्स्टकडे बघतच नाही. ५ जानेवारी २०२५ ला रविवार होता. तो दिवस उजाडताच सीमा ओलांडली गेली, मोजणी एकाने वाढली, आणि उत्तर आलं ६ जानेवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा सोमवार. सोमवार ते शनिवार उत्तर बरोबर येतं, त्यामुळे ही चूक चाचणीत निसटते. चाचणी करणारा माणूस रविवारी कामावर नसतो.

वरच्या उत्तरातलं दिवसांवर भागाकार करणारं सूत्र घ्या, 'वीक' हा शब्दच काढून टाका. आणि डेटपार्ट(वीक) किंवा डेटपार्ट(वीकडे) कुठे वापरलं असेल तर तेही शोधून काढा, कारण ती दोन्ही डेटफर्स्टवर चालतात. डेटफर्स्ट लॉगिनच्या भाषेप्रमाणे ठरतं : अमेरिकन इंग्रजीत ७, म्हणजे रविवार. तीच प्रोसीजर दुसऱ्या भाषेच्या लॉगिनने चालवली तर निकाल बदलतो, कोडमध्ये एक अक्षर न बदलता.

प्रश्न : 'मागचा आठवडा' यासाठी ईयरवीक(तारीख) = ईयरवीक(नाऊ()) - १ अशी अट आहे. वर्षभर चालली, जानेवारीत रिकामा अहवाल आला.

उत्तर : २०२५०१ मधून १ वजा केला की २०२५०० येतो. असा आठवडा कुठेच नसतो, म्हणून एकही ओळ जुळत नाही. ईयरवीकचं उत्तर आकड्यासारखं दिसतं, पण त्यावर बेरीज-वजाबाकी चालत नाही. वजाबाकी तारखेवर करा, ईयरवीकच्या आत : आज उणे ७ दिवस, मग ईयरवीक.

त्या ओळीत आणखी दोन दोष आहेत. दुसरा आकडा दिलेला नाही, त्यामुळे मोड ० धरला जातो आणि आठवडा रविवारपासून मोजला जातो. आणि कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळल्यामुळे तारखेवरचा इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची क्रमवार सूची) वाया जातो, त्याबद्दल पुढे. हे तिन्ही दोष एका फटक्यात घालवायचे तर :

तारीख >= या_सोमवार - ७ दिवस
अँड तारीख < या_सोमवार

वीक फंक्शनच्या मोडबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण मायएसक्यूएलमधल्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. ० ते ७ असे आठ मोड आहेत. मोड ० मध्ये वर्षातला पहिला रविवार येईपर्यंतचे दिवस 'आठवडा ०' मध्ये जातात. ३१ डिसेंबर २०२४ ला मोड ० आठवडा ५२ देतो, १ जानेवारी २०२५ ला ०. एकाच रविवार-शनिवारच्या आठवड्याचे दोन तुकडे. त्याच ३१ डिसेंबरला मोड १ आठवडा ५३ देतो आणि मोड ३ देतो १. आयएसओ हवा असेल तर मोड ३, किंवा वीकऑफईयर, दोन्ही एकच. शिवाय वीक फंक्शनला मोड दिला नाही तर ते सर्व्हरच्या डीफॉल्ट_वीक_फॉरमॅट या सेटिंगवरून चालतं, पण ईयरवीक त्या सेटिंगला जुमानत नाही. म्हणून मोड नेहमी लिहाच.

प्रश्न : वापरकर्ता पडद्यावर वर्ष आणि आठवडा क्रमांक निवडतो. त्यावरून सुरुवातीची आणि शेवटची तारीख कशी काढायची?

उत्तर : ४ जानेवारीवरून. त्या वर्षाची ४ जानेवारी घ्या, तिचा सोमवार काढा, त्यात (आठवडा - १) × ७ दिवस मिळवा.

उदाहरण म्हणून २०२६ चा २७ वा आठवडा. ४ जानेवारी २०२६ ला रविवार आहे, म्हणून तिचा सोमवार २९ डिसेंबर २०२५. २६ × ७ = १८२ दिवस पुढे गेलं की २९ जून २०२६. पुढचा सोमवार ६ जुलै. म्हणजे अट '२९ जूनपासून, ६ जुलैच्या आधी' अशी. ही पद्धत सगळ्या डेटाबेसांत सारखीच चालते. पोस्टग्रेसमध्ये टू_डेटला आयएसओ वर्ष आणि आयएसओ आठवड्याचा साचा देऊनही सोमवार मिळतो. ओरॅकलच्या टू_डेटमध्ये मात्र 'आयडब्ल्यू' चालत नाही, एरर येते. तिथे ४ जानेवारीचाच रस्ता धरा.

वापरकर्त्याने ५३ निवडला तर काय, हे आधी ठरवा. ५२ आठवड्यांच्या वर्षात सूत्र तक्रार करत नाही, पुढच्या वर्षाच्या पहिल्या आठवड्याची तारीख देऊन मोकळं होतं. तपासणी सोपी आहे : त्या वर्षाच्या २८ डिसेंबरचा आयएसओ आठवडा काढा. जो आकडा येईल तेवढे आठवडे त्या वर्षात. २०१५ आणि २०२० मध्ये ५३ होते, २०२६ मध्ये आहेत, त्यानंतर २०३२. जी वर्षं गुरुवारी सुरू होतात, किंवा लीप वर्ष असून बुधवारी सुरू होतात, त्यांत ५३ आठवडे येतात. ४०० वर्षांच्या फेऱ्यात अशी ७१ वर्षं.

प्रश्न : बिट्वीन सोमवार अँड रविवार असं लिहिलं तर रविवारच्या नोंदी येत नाहीत. मग रविवार २३:५९:५९ लिहिलं. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. बिट्वीन दोन्ही टोकं धरतं हे खरं, पण कॉलममध्ये वेळ असेल तर नुसत्या तारखेचा अर्थ मध्यरात्र ००:०० होतो. म्हणून रविवारची फक्त मध्यरात्रीची नोंद आली, दिवसभराच्या गळाल्या.

२३:५९:५९ लिहिल्याने शेवटच्या एका सेकंदातल्या नोंदी गळतात. मग लोक २३:५९:५९.९९९ लिहितात, आणि ते एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम प्रकारात आणखी वाईट. त्या प्रकारात वेळ सेकंदाच्या ०, ३ आणि ७ हजारांशांवरच बसते. .९९९ वर गोल होतो आणि दुसऱ्या दिवशीचे ००:०० बनतात. म्हणजे सोमवारी बरोबर मध्यरात्री पडलेली नोंद दोन्ही आठवड्यांत मोजली जाते. आणि ज्या सिस्टिममध्ये वेळ न देता नुसती तारीख भरली जाते, तिथे मध्यरात्रीच्या नोंदी ढिगाने असतात.

आठवड्याचं शेवटचं टोक म्हणजे पुढचा सोमवार, आणि तो आत धरायचा नाही :

तारीख >= '२०२५-०१-०६' अँड तारीख < '२०२५-०१-१३'

एका आठवड्याचा शेवट तीच दुसऱ्याची सुरुवात. मध्ये फट नाही, एकमेकांवर चढणं नाही. कॉलमचा प्रकार उद्या डेटचा टाइमस्टॅम्प झाला तरी ही ओळ बदलावी लागत नाही. पडद्यावर 'रविवारपर्यंत' दाखवायचं असेल तर दाखवताना एक दिवस वजा करा, क्वेरीत नको.

प्रश्न : टेबलात चार कोटी ओळी आहेत. एका आठवड्याच्या नोंदी काढायला मिनिटं लागतात. तारखेवर इंडेक्स आहे.

उत्तर : इंडेक्स आहे, पण तुमच्या अटीला तो वापरता येत नाही. व्हेअर वीक(तारीख) = २७ असं विचारलं की डेटाबेसला चार कोटी तारखांचा आठवडा काढून बघावा लागतो. इंडेक्समध्ये तारखा क्रमाने लावलेल्या असतात, आठवडा क्रमांक नाही. २७ वा आठवडा तर दरवर्षी येतो, म्हणजे तो इंडेक्सभर विखुरलेला. दोन टोकांची अट दिली की इंडेक्समध्ये एका जागी उडी मारायची आणि पुढच्या सोमवारपर्यंत सलग वाचत जायचं, एवढंच काम उरतं.

फंक्शन कॉलमवर लावायचं नाही, समोरच्या किमतीवर लावायचं. 'डेट_ट्रंक(तारीख) = हा सोमवार' ऐवजी 'तारीख >= हा सोमवार आणि तारीख < त्यानंतरचा सोमवार'. ग्रुप बायमध्ये डेट_ट्रंक राहू द्या, तोवर ओळी गाळून झालेल्या असतात. क्वेरी कशी चालणार ते दाखवणारा एक्स्प्लेन लावून खात्री करून घ्या.

फंक्शनवरच इंडेक्स बांधायचा विचार असेल (मायएसक्यूएलमध्ये ८.०.१३ पासून तशी सोय आहे) तर पोस्टग्रेसमध्ये एक अडथळा येईल : टाइमझोनसह टाइमस्टॅम्पवरचं डेट_ट्रंक 'इम्युटेबल' (कुठल्याही सेटिंगने उत्तर न बदलणारं) नाही, म्हणून इंडेक्स बनतच नाही. डेट कॉलमलाही तेच लागू, कारण तो आतल्या आत त्याच प्रकारात बदलला जातो. सोमवारची तारीख वेगळ्या कॉलममध्ये साठवणं हा त्यापेक्षा सरळ मार्ग.

प्रश्न : ज्या आठवड्यात एकही ऑर्डर नाही तो अहवालात येतच नाही. आलेखाची रेघ तुटायच्या ऐवजी सरळ जोडली जाते.

उत्तर : ग्रुप बाय नसलेल्या ओळी निर्माण करू शकत नाही. आठवड्यांची यादी बाहेरून आणावी लागते आणि तिला ऑर्डरचं टेबल लेफ्ट जॉइन करावं लागतं, म्हणजे यादीतली प्रत्येक ओळ राखून जोडावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये जनरेट_सीरिजला ७ दिवसांची पायरी द्या. इतरत्र रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी तात्पुरती क्वेरी) चालते, पण तिला कुंपण असतं : एसक्यूएल सर्व्हर १०० फेऱ्यांनंतर थांबतो, त्यामुळे दोन वर्षांची, १०४ आठवड्यांची यादी मध्येच अडते (शेवटी मॅक्सरिकर्शन वाढवा). मायएसक्यूएलची मर्यादा १,००० आहे.

कायमचा उपाय म्हणजे आठवड्यांचं टेबल. कॉलम पाच पुरेत : सोमवार, पुढचा सोमवार, आयएसओ वर्ष, आयएसओ आठवडा, लेबल. २० वर्षांच्या ओळी हजाराच्या किंचित वर जातात, म्हणजे काहीच नाही. लेबलमध्ये आठवडा दोन अंकी ठेवा, ०९ असा, नाहीतर ९ वा आठवडा १० व्याच्या मागे जातो. हिशेबाचं वर्ष ४-४-५ आठवड्यांच्या महिन्यांचं असेल तर हे टेबल लागतंच, कारण ती रचना कुठल्याही तयार फंक्शनमध्ये बसत नाही.

जॉइन करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. ऑर्डरच्या कॉलमवरची अट, समजा स्थिती = 'पूर्ण', व्हेअरमध्ये टाकली की रिकामे आठवडे पुन्हा गायब. रिकाम्या ओळीत स्थिती नल (किंमतच नसलेली) असते आणि नल कशाशीच जुळत नाही. ती अट ऑनमध्ये न्या. दुसरं, काउंट(*) रिकाम्या आठवड्यालाही १ देतो, कारण लेफ्ट जॉइनने एक ओळ तर दिलेलीच असते. काउंट(ऑर्डर_क्रमांक) वापरा, तो ० देईल.

प्रश्न : आमच्या टेबलात 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा आहेत. कुठल्या आठवड्यात किती दिवस पडतात ते हवंय. 'पासून' आठवड्यात असेल किंवा 'पर्यंत' आठवड्यात असेल अशी अट लावली, तर मोठ्या कालावधीचे मधले आठवडे सुटतात.

उत्तर : सुटणारच. समजा कालावधी २८ ऑगस्ट ते १० सप्टेंबर २०२५. १ ते ७ सप्टेंबर हा आठवडा त्यात पूर्ण बुडालेला आहे, पण 'पासून'ही त्यात नाही आणि 'पर्यंत'ही नाही. तुमची अट टोकांना शोधते, मधल्याला नाही.

उलट विचार करा. दोन कालावधी एकमेकांना कधी शिवत नाहीत? एक संपल्यावर दुसरा सुरू होतो तेव्हा. त्याची नकारार्थी बाजू म्हणजे शिवण्याची अट :

पासून < पुढचा_सोमवार अँड पर्यंत >= सोमवार

एवढंच. दिवस मोजायला :

लीस्ट(पर्यंत + १, पुढचा_सोमवार) - ग्रेटेस्ट(पासून, सोमवार)

'पर्यंत'चा दिवस आत धरलेला असल्याने आधी त्यात १ मिळवायचा. २५ ऑगस्टच्या आठवड्यात : ११ सप्टेंबर आणि १ सप्टेंबर यांतलं लहान १ सप्टेंबर, त्यातून २८ ऑगस्ट वजा, ४ दिवस. मधल्या आठवड्यात ७. ८ सप्टेंबरच्या आठवड्यात ११ वजा ८, म्हणजे ३. एकूण १४, आणि २८ ऑगस्ट ते १० सप्टेंबर बोटांवर मोजले तरी १४ च.

'पर्यंत' रिकामं असलेल्या, म्हणजे अजून चालू असलेल्या नोंदी सांभाळा. पोस्टग्रेसमध्ये लीस्ट नलकडे दुर्लक्ष करून दुसरी किंमत देतं, मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये सगळं उत्तरच नल होतं. शिवण्याच्या अटीत तर नल आला की ओळ सगळीकडेच गळते. नलच्या जागी दुसरी किंमत देणाऱ्या कोअलेसने आधीच दूरची एखादी तारीख लावून घ्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लीस्ट आणि ग्रेटेस्ट २०२२ पासून आहेत, आधीच्या आवृत्तीत केस लिहावा लागतो. पोस्टग्रेसवर असाल तर दोन कॉलमांऐवजी डेटरेंज हा प्रकार जरूर बघा. शिवण्याची तपासणी दोन अँडच्या चिन्हांनी होते आणि जिस्ट या प्रकारच्या इंडेक्समुळे ती वेगात चालते.

प्रश्न : वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतो. रविवारी रात्री उशिराच्या आणि सोमवारी पहाटेच्या नोंदी चुकीच्या आठवड्यात जातात.

उत्तर : आठवड्याची सीमा स्थानिक मध्यरात्री असते, यूटीसीच्या नाही. तुमचं घड्याळ यूटीसीच्या पाच तास पुढे असेल तर स्थानिक सोमवार यूटीसीतल्या रविवारी १९:०० ला सुरू होतो. त्या पाच तासांतल्या नोंदी मागच्या आठवड्यात जातात. घड्याळ यूटीसीच्या मागे असेल तर रविवार रात्रीच्या नोंदी पुढच्या आठवड्यात.

आधी स्थानिक तारखेवर सोमवार ठरवा. मग त्याची मध्यरात्र यूटीसीत बदला आणि त्या किमतीशी कॉलमची तुलना करा. पुढच्या सोमवारचंही तसंच, स्वतंत्रपणे. पहिल्या टोकात १६८ तास मिळवून दुसरं टोक काढू नका : जिथे वर्षातून दोनदा घड्याळ एक तास पुढे-मागे करतात, तिथे त्या आठवड्यांत १६७ आणि १६९ तास असतात. पोस्टग्रेस १२ पासून डेट_ट्रंकला तिसरी किंमत म्हणून टाइमझोन देता येतो. न दिल्यास ते सेशनचा टाइमझोन धरतं आणि दोन सर्व्हर दोन उत्तरं देतात. मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट_टीझेडला झोनचं नाव दिलं आणि झोनची टेबलं भरलेली नसली, तर एरर येत नाही, गुपचूप नल येतं आणि सगळा अहवाल रिकामा दिसतो.

प्रश्न : गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करायची आहे. क्रमांकाने जोडावं की तारखेने?

उत्तर : तारखेने, ३६४ दिवस मागे. ३६४ म्हणजे बरोबर ५२ आठवडे, म्हणून सोमवार सोमवारवरच पडतो. ३६५ घेतले तर वार सरकतो.

क्रमांकाची जोडी ५३ आठवड्यांच्या वर्षानंतर बिघडते. २०२६ चा ५३ वा आठवडा २८ डिसेंबर २०२६ ते ३ जानेवारी २०२७. २०२५ मध्ये त्याला जोडीदारच नाही. मग २०२७ चा पहिला आठवडा, ४ जानेवारीपासूनचा, क्रमांकाने २०२६ च्या पहिल्याशी जुळतो, म्हणजे २९ डिसेंबर २०२५ पासूनच्या आठवड्याशी. एकात वर्षअखेरीचे दिवस, दुसऱ्यात नाहीत, आणि सगळं वर्ष एक आठवडा सरकलेलं. ३६४ दिवसांनी ४ जानेवारी २०२७ ची जोडी ५ जानेवारी २०२६ शी लागते. ती तुलना न्याय्य आहे. लेबल मात्र 'आठवडा १ विरुद्ध आठवडा २' असं दिसेल. अहवालात क्रमांकाशेजारी दोन्ही सोमवारच्या तारखा छापा, म्हणजे कुणी विचारायला येणार नाही.

५२ ओळी मागची विक्री देणाऱ्या लॅग(विक्री, ५२) ने हे करायचं असेल तर आधी रिकामे आठवडे भरलेले असले पाहिजेत. लॅग ओळी मोजतं, आठवडे नाही. मधली एक ओळ नसली की पुढच्या ५२ तुलना एका आठवड्याने चुकतात. आणि चालू आठवडा तुलनेत घेऊ नका. बुधवारी चालवलेल्या अहवालात त्याचे तीनच दिवस असतात, म्हणून अट '< या_सोमवार' इथेच थांबवा.